मेंदूचे चित्र आणि माणसाचा निवाडा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, घरातील वडीलधाऱ्या माणसाचा विसराळूपणा तिच्या हवाली केला म्हणजे पुढे विचार करण्याचे कारणच उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका निवृत्त गणित-शिक्षकांच्या बाबतीत हेच घडले. ज्यांनी तीस वर्षे मुलांना त्रैराशिक आणि चक्रवाढ व्याज शिकवले, त्या गृहस्थांना भाजीवाल्याने परत दिलेल्या सुट्या पैशांचा हिशेब लागेनासा झाला. एकच किराणा ते आठवड्यातून तीनदा आणू लागले. घरच्यांनी वर्षभर हा वयाचा दोष मानला. अखेर मुलाने एका खासगी केंद्रात त्यांच्या मेंदूचे एम. आर. आय. छायाचित्र काढून घेतले. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : ‘वयोमानानुरूप मेंदूचे किंचित आकुंचन.’ ती वाचून घराला हायसे वाटले आणि ते मोठे पाकीट कपाटात गेले. मास्तरांच्या पत्नी मात्र सांगत राहिल्या, “ह्यांचं काहीतरी बिनसलंय, हे पूर्वीचे राहिले नाहीत.” परंतु यंत्राने दिलेल्या त्या एका ओळीपुढे चाळीस वर्षांच्या सहवासातून आलेल्या साक्षीला किंमत मिळाली नाही. दोन वर्षांनी मास्तर स्वतःच्याच घराचा जिना चुकू लागले, तेव्हा दुसरे छायाचित्र काढण्यात आले. मेंदूविकारतज्ज्ञांनी जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी धरले आणि दोहोंतील फरक घरच्यांनाही दिसला. रोग अल्झायमरचा होता.

यात यंत्राने काही चूक केली असे नाही. त्याला जे विचारले गेले नव्हते, त्याचे उत्तर त्याच्या एका ओळीत शोधले गेले, ही चूक होती. आज ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, अल्झायमर ह्या रोगाच्या वाटचालीचा माग जिवंत माणसाच्या मेंदूत घेण्याची साधने गेल्या पन्नास वर्षांत, आणि त्यातही गेल्या वीस वर्षांत, विलक्षण वेगाने विकसित झाली आहेत. त्यांच्या आधारे रोगाची व्याख्या बदलत आहे, औषधांना मान्यता मिळत आहे आणि निरोगी दिसणाऱ्या माणसांनाही ‘रोगी’ ठरवण्याची भाषा सुरू झाली आहे. ह्या साधनांचे मोल मान्य करूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. मेंदूचे चित्र हा रोगाचा महत्त्वाचा साक्षीदार आहे. परंतु साक्षीदाराला न्यायासनावर बसवले, तर निवाडा चुकण्याचाच संभव अधिक.

एकच चित्र, तेही अखेरचे

ह्या रोगाची कथा जेथे सुरू होते, तेथे चित्र होते, पण फार उशिरा मिळालेले. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात रेल्वेतील एका कारकुनाची एक्कावन्न वर्षांची पत्नी दाखल झाली. तिचे नाव आउगुस्ट डेटर. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला तिचे नाव विचारले, पतीचे नाव विचारले, वस्तू दाखवून त्यांची नावे विचारली, आणि तिची उत्तरे टिपून ठेवली. पतीचे नाव विचारले असता ती स्वतःचेच नाव सांगे. पुढे डॉक्टर म्युनिक येथे गेले, तरी ह्या रुग्णाईताची चौकशी त्यांनी सोडली नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिचा मेंदू त्यांच्याकडे पाठवण्यात आला. त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर एका चिवट द्रव्याची पुटे आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ त्यांना आढळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. सभेने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात ह्या विकाराला अल्झायमरचे नाव दिले.

ह्या कथेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डॉक्टरांकडे रुग्णाशी झालेल्या संवादाची पाने अनेक होती आणि मेंदूचे चित्र एकच, तेही मृत्यूनंतरचे. रोग कोठून सुरू झाला, कोणत्या वाटेने पुढे गेला, किती वर्षे मूकपणे पसरत राहिला, हे त्या एका चित्रावरून कळण्याचा मार्ग नव्हता. पुढील सुमारे सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र ह्याच अवस्थेत होते. जिवंत माणसाच्या मेंदूचे क्ष-किरण चित्र घ्यावयाचे, तर पाठीच्या कण्यातून हवा भरण्याचा अत्यंत वेदनादायक उपाय करावा लागे. आणि तोही मेंदूच्या पोकळ्यांची केवळ बाह्यरेखा दाखवी.

चित्रांची मालिका

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विम्बल्डन येथील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन काढला, आणि कवटी न उघडता आत पाहण्याची वाट मोकळी झाली. ह्या कार्याबद्दल हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाठोपाठ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने चित्र घेणारे एम. आर. आय. तंत्र आले. त्यात क्ष-किरणांचा मारा नसल्याने एकाच माणसाचे चित्र पुनःपुन्हा घेणे शक्य झाले. मागोवा घेण्याची खरी सुरुवात येथून झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

नव्या आठवणी साठवण्याच्या कामी ज्याचा मोठा वाटा आहे, असा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या अंगाला असतो. समुद्रघोड्याच्या आकाराशी असलेल्या साम्यावरून त्याला हे नाव पडले. उतारवयात तो प्रत्येकाचाच थोडा झिजतो. वर्षाला साधारण एक ते दीड टक्का. अल्झायमरच्या रुग्णात ही झीज वर्षाला चार ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते. शिक्षकवर्गाच्या हे चटकन ध्यानात येईल की, एका वर्षाच्या आकड्यावरून दर काढता येत नाही. दरासाठी दोन नोंदी आणि त्यांमधील काळ लागतो. आमच्या मास्तरांच्या पहिल्या चित्रात जे ‘वयोमानानुरूप’ दिसले, ते त्या दिवसापुरते कदाचित खरेही असेल. वेग त्या चित्रात नव्हता, आणि रोग वेगातच होता.

परंतु झीज ही रोगाची पुढची पायरी झाली. त्याआधीच पेशींची शक्ती मंदावते. साखरेसारख्या एका द्रव्याला अल्पायुषी किरणोत्सारी अणू जोडून ते शिरेतून दिले आणि मेंदूचा कोणता भाग ते किती घेतो हे पाहिले, म्हणजे आळसावलेला भाग चित्रात मंद दिसतो. हे ‘पेट’ तंत्र १९७६ पासून माणसांवर वापरात आले. तथापि ज्या पुटांवरून डॉ. अल्झायमर यांनी हा रोग ओळखला, ती अमायलॉइड प्रथिनाची पुटे जिवंत मेंदूत दिसू लागावयास नवे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी पुटांना चिकटणारे एक द्रव्य तयार केले, आणि २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे ते प्रथम रुग्णाला देण्यात आले. पेशींच्या आतील गुंतवळ ज्या टाऊ प्रथिनाची असते, ती दाखवणाऱ्या द्रव्यालाही २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे १९०६ च्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दोन पुरावे दिसले होते, ते दोन्ही आता माणूस हयात असताना दिसू शकतात.

ह्या चित्रांची मालिका जमवण्याचा मोठा उपक्रम अमेरिका आणि कॅनडात २००४ मध्ये सुरू झाला. निरोगी वृद्ध, किंचित विसरणारे आणि निश्चित रुग्ण, अशा तिन्ही गटांतील शेकडो माणसांची चित्रे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेण्यात आली आणि ती जगभरच्या संशोधकांना खुली करण्यात आली. ज्या कुटुंबांत जनुकदोषामुळे हा रोग ऐन चाळिशी-पन्नाशीत येतो, त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे अमायलॉइड चित्रात दिसू लागते आणि सुमारे दहा वर्षे आधी मेंदूची साखर वापरण्याची शक्ती घटते, असे त्यांतून आढळले. रोगाचा प्रारंभ आणि रोगाची जाणीव यांमध्ये एवढे अंतर असते, हे ह्या चित्रांनी दिलेले फार मोठे ज्ञान आहे.

त्याच अभ्यासांनी आणखी एक गोष्ट शिकवली. सगळी चित्रे रोगाची प्रगती सारखीच सांगत नाहीत. अमायलॉइडची पुटे वर्षानुवर्षे साचत जातात आणि लक्षणे स्पष्ट होईपर्यंत त्यांची वाढ बरीचशी थंडावते. म्हणून रुग्ण आज कोठवर आला आहे, हे ती नीट सांगू शकत नाहीत. टाऊची गुंतवळ मात्र ठरावीक वाटेने पसरते. जर्मनीतील हायको आणि इव्हा ब्राक यांनी शवविच्छेदनांवरून १९९१ मध्येच ह्या वाटेच्या सहा पायऱ्या नोंदवल्या होत्या. गुंतवळ जेथे पोचते, तेथील कार्य ढासळते, आणि पाठोपाठ झीज येते. यास्तव रोगाची चाहूल अमायलॉइड देते, त्याची मजल टाऊ आणि झीज दाखवतात. कोणत्या चित्राला कोणता प्रश्न विचारावा, हे ठाऊक असल्याशिवाय चित्र काढण्याला अर्थ नाही.

चित्र एक, माणूस दुसरा

आता ह्या साक्षीच्या मर्यादांकडे वळू. अमेरिकेतील डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये एका ख्रिस्ती धर्मसंघातील जोगिणींचा अभ्यास सुरू केला. पुढे ६७८ जोगिणी त्यात सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासण्यास त्यांनी संमती दिली. त्यांतील एक सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत बुद्धीच्या चाचण्यांत त्या उत्तम गुण मिळवीत होत्या. त्यांच्या मेंदूत मात्र पुटे आणि गुंतवळ विपुल आढळली.

त्याहूनही बोलके उदाहरण कोलंबियातील आहे. तेथील अँतियोकिया प्रांतात डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी एका विस्तीर्ण गोतावळ्याचा कित्येक दशके अभ्यास केला. त्या कुळात एक जनुकदोष पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि ज्यांना तो मिळतो, त्यांची स्मृती चाळिशीच्या मध्यावरच ढळू लागते. परंतु तोच दोष असलेल्या एका स्त्रीला सत्तरी ओलांडेपर्यंत काही झाले नाही. तिच्या मेंदूची पेट चित्रे घेतली, तेव्हा अमायलॉइडचे प्रमाण प्रचंड दिसले, टाऊची गुंतवळ मात्र अगदी थोडी. दुसऱ्या एका जनुकातील दुर्मीळ बदलाने तिला तारले असावे, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ अमायलॉइडच्या चित्रावरून जर कोणी तिचे भविष्य वर्तवले असते, तर तिच्या आयुष्याची तीस वर्षे त्या भविष्याच्या छायेत गेली असती.

ही अपवादांची यादी नव्हे. स्मृती शाबूत असलेल्या माणसांतही पन्नाशीला सुमारे दहा टक्के आणि नव्वदीला सुमारे चव्वेचाळीस टक्के लोकांत अमायलॉइड आढळते, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजात दिसून आले. ह्या माणसांना काय म्हणावयाचे? येथे तज्ज्ञांत उघड मतभेद आहेत. अमेरिकेतील अल्झायमर संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार मेंदूतील बदल हाच रोग होय. लक्षणे नसली तरी रोग आहेच. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ह्याला विरोध केला. लक्षणे नसणाऱ्याला ‘धोका असलेला’ म्हणावे, रोगी म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या पक्षाची भूमिका प्रयोगशाळेत बिनतोड असेलही. परंतु निदान हा शब्द प्रयोगशाळेत राहत नाही. तो घरी येतो. त्या एका शब्दाने माणसाची नोकरी, विमा, मुलीचे लग्न, मुलांची त्याच्याकडे पाहण्याची नजर, सारे बदलते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणारा साठीचा गृहस्थ त्या दिवसापासून प्रत्येक विसर मोजू लागतो. ज्यांपैकी अनेकांना हयातीत लक्षणे दिसणारच नाहीत, त्यांच्यावर हा शिक्का मारण्याचा अधिकार चित्राला देता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधाचा निवाडा कोणी करावा?

चित्राला न्यायाधीश केल्याने काय होते, ह्याचा धडा अलीकडेच मिळाला आहे. अमायलॉइड धुऊन काढणाऱ्या ॲड्युकॅनुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२१ मध्ये त्वरित मान्यता दिली. रुग्णांना ह्या औषधाने लाभ होतो की नाही, याबद्दलचे दोन चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी होते आणि सल्लागार समितीचा कौल प्रतिकूल होता. तरीही पेट चित्रात अमायलॉइड कमी झालेले दिसते, त्या अर्थी रुग्णालाही लाभ होण्याचा संभव आहे, असे मानून ही मान्यता देण्यात आली. समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. वर्षाला ५६ हजार डॉलर ही आरंभीची किंमत पुढे निम्म्यावर आणावी लागली. युरोपने मान्यता नाकारली. आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने हे औषध बंद करण्याचे जाहीर केले. चित्र स्वच्छ झाले होते. माणूस बरा झाल्याचे कोणाला सिद्ध करता आले नाही.

त्यानंतरच्या लेकॅनेमॅब ह्या औषधाची चाचणी १,७९५ रुग्णांवर अठरा महिने झाली. ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. अठरा गुणांच्या मापावर हा फरक ०.४५ गुणांचा भरतो. तो अल्प आहे, पण खरा आहे. त्याची दुसरी बाजू म्हणजे ह्या औषधांनी काही रुग्णांच्या मेंदूत सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, आणि तो वेळेवर ओळखण्यासाठी पुन्हा एम. आर. आय. चित्रेच लागतात. येथे चित्रे प्राण वाचवतात, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आणखी एक विचित्र गोष्ट अशी आढळली की, औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान न घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटले. म्हणजे एक चित्र म्हणते सुधारणा झाली, दुसरे म्हणते झीज वाढली. ह्याच्या कारणांबद्दल तज्ज्ञांत वाद चालू आहे. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले, तर निर्णय कोणी द्यावयाचा?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्या चाचणीतच आहे. ०.४५ चा तो आकडा ज्या अठरा गुणांच्या मापावरून आला, ते माप कोणत्याही यंत्रातून निघत नाही. रुग्णाशी आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाशी प्रशिक्षित व्यक्ती बोलते. तो पैशांचा व्यवहार करतो का, ओळखीच्या रस्त्यावर हरवतो का, स्वतःचे स्वतः आवरतो का, हे विचारते आणि गुण देते. अब्जावधी डॉलरांच्या संशोधनाचा अखेरचा निवाडा अशा रीतीने पत्नीच्या, मुलाच्या, सुनेच्या साक्षीवर झाला. आमच्या मास्तरांच्या घरी जी साक्ष कपाटातल्या पाकिटापुढे निष्प्रभ ठरली, ती ही!

आपल्याकडील प्रश्न

आपल्या देशात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने दिला. त्या सर्वांचे अमायलॉइडचे चित्र काढावे, अशी कल्पना कोणी मांडली तर ती व्यवहार्य नाही. मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि पेट तपासणीची केंद्रे त्यानंतर वाढली, हे खरे. परंतु ह्या तपासणीची द्रव्ये टिकत नाहीत. पिट्सबर्गच्या मूळ द्रव्यातील किरणोत्सार दर वीस मिनिटांनी निम्मा होतो; नंतरच्या द्रव्यांतील सुमारे एकशे दहा मिनिटांनी. समजा, पुण्यात तयार केलेले द्रव्य चार तासांनी कोल्हापूरला पोचले, तर त्याचा चौथा हिस्साही शिल्लक राहणार नाही. अशी तपासणी दीर्घकाळ मोठ्या शहरांपुरती आणि ज्यांच्या खिशाला परवडेल त्यांच्यापुरतीच राहणार, हे उघड आहे.

दुसरा प्रश्न मापाचा आहे. मेंदू ‘लहान झाला’ असे म्हणताना कशाच्या तुलनेने, हे विचारावे लागते. हैदराबाद येथील माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुणांच्या चित्रांवरून एक प्रमाण-चित्र तयार केले, तेव्हा आपल्या मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्य प्रमाण-चित्राहून लहान असल्याचे दिसले. आकार लहान म्हणजे बुद्धी कमी, असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. पण परक्या मापाने मोजले तर निरोगी वृद्धही आजारी दिसू शकतो, हा अर्थ नक्की आहे. म्हणूनच बंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ग्रामीण स्त्रीपुरुषांचा जो दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, त्याचे महत्त्व मोठे आहे. त्यात पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या स्मृतीची चाचणी आणि मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेतली जात आहेत. महाराष्ट्रात असा एखादा तालुका का असू नये? आपल्या विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी ह्याचा विचार केला पाहिजे.

ह्याचा अर्थ सामान्य रुग्णाने चित्र काढूच नये असा नव्हे. विस्मरणाच्या रुग्णाचा एक साधा सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. होणे आवश्यकच आहे. डोक्याला मार लागून कवटीखाली साकळलेले रक्त, मेंदूच्या पोकळ्यांत साठलेले पाणी, गाठ, लहान लहान झटके ही कारणे त्यात दिसतात, आणि त्यांपैकी काहींवर उपचार आहेत. जेथे तज्ज्ञाला खरोखर शंका आहे, तेथे पेट चित्रानेही मोलाचे साहाय्य होते. अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेट तपासणीनंतर सुमारे साठ टक्के रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली. मे २०२५ मध्ये तेथे रक्ताच्या तपासणीलाही मान्यता मिळाली आहे. ती स्वस्त झाली, तर पेटची गरज पुष्कळ कमी होईल. परंतु स्वस्त तपासणी म्हणजे शिक्का मारण्याचीही स्वस्ताई. लक्षणे नसलेल्या माणसाला ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या यादीत घालून हा रक्ताचा नमुना घेतला जाऊ लागला, तर आज चित्राविषयी जी भीती वाटते, ती घरोघर पोचेल.

मग प्रथम काय करावयाचे? जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी स्मृतीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा. तेथे मराठीत तयार केलेली, निरक्षर माणसालाही देता येईल अशी चाचणी असावी. ज्याने कधी पाटी हाती धरली नाही, त्याला शंभरातून सात वजा करावयास सांगून त्याची स्मृती मोजता येत नाही. रुग्णाबरोबर राहणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्रपणे बोलते करावे. ‘ब-१२’ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या कराव्यात. चित्र काढले असेल, तर त्याची प्रत आणि तारीख रुग्णाकडे जपून राहावी, म्हणजे पुढचे चित्र त्याच्याशी ताडून पाहता येईल. आणि निदान झाल्यावर घरच्यांना एकटे सोडू नये. भारतीय अल्झायमर संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली, ती मुख्यतः ह्याच जाणिवेतून. दिवसभर रुग्ण सांभाळणारी केंद्रे, सेवा करणाऱ्याला चार दिवसांची उसंत, ह्या गोष्टी कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहेत, आणि आज महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांना त्या ठाऊकही नाहीत. शिवाय २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने दाखवून दिले आहे की, शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, दृष्टिदोष, एकटेपणा अशा चौदा कारणांकडे वेळीच लक्ष दिले, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे पंचेचाळीस टक्के प्रमाण टाळता किंवा लांबवता येईल. बहिऱ्या आजोबांना श्रवणयंत्र घेऊन देण्यास पेट तपासणीची वाट पाहावी लागत नाही.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेतही आहे. तेथे तो क्रोधातून उपजलेल्या मोहाच्या संदर्भात येतो. वैद्यकाने तो ज्या रोगासाठी घेतला, त्यात रुग्णाचा अपराध काहीच नसतो. म्हणूनच त्याच्याविषयी बोलताना घाई करू नये. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून झटकून टाकण्याचीही नव्हे, आणि एका चित्रावरून त्याचे उरलेले आयुष्य ठरवून टाकण्याचीही नव्हे. आमचे मास्तर आता घरच्यांची नावे विसरले आहेत. त्यांच्या पत्नी रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे पाटी ठेवतात आणि दोघे मिळून पाढे म्हणतात. बारापर्यंत अजून ते चुकत नाहीत. गेल्या महिन्यात तेराचा पाढा अडला, तो दिवस त्यांनी एका वहीत तारीख घालून लिहून ठेवला आहे. पुढच्या खेपेला तज्ज्ञांकडे जाताना नव्या चित्राबरोबर ती वहीही न्यावी, आणि तज्ज्ञांनी ती आधी उघडावी, एवढीच अपेक्षा.